चुलीमागची भिंत

शुइलिएनच्या घरात चुलीमागच्या भिंतीला झाडू लावायचा नाही, हा नियम सासूबाईंचा. त्यांच्या आधी त्यांच्या सासूचा. वर्ष संपत आलं की सगळं गाव बांबूच्या काठीला पानांचा झुबका बांधून घराघरातली जळमटं काढायचं. यांच्याकडेही तीन भिंती लख्ख व्हायच्या, चौथीला मात्र हात नाही. त्या मातीच्या भिंतीवर अंगठ्याच्या नखाएवढी पांढरी, गोल, चपटी घरटी चिकटलेली असत. प्रत्येकात एक बारका कोळी. घरट्याच्या कडेनं चहूकडे पसरलेल्या धाग्यांत मुंगी अडखळली की हा बाहेर येणार, तिच्याभोवती गरागरा फिरून तिला बांधणार आणि पुन्हा आत. कुणाच्या अध्यात ना मध्यात. गावात याला कोळ्याचं घर म्हणत नाहीत, भिंतनाणं म्हणतात.

कुणाला विळा लागला, बांबू सोलताना कोयता बोटावर आला, पोराचा घोळणा फुटला की माणूस थेट यांच्या स्वयंपाकघरात. "वहिनी, एक नाणं द्या बघू लवकर." नाणं जखमेवर दाबलं की रक्त थांबायचं. भिंती सगळ्यांच्या घरी होत्या हो, पण चुलीच्या उबेनं यांच्याकडची नाणी जाड व्हायची असं लोक म्हणत, आणि ते ऐकून सासूबाई अशा फुगायच्या, जणू सगळे कोळी त्यांनीच पाळलेत.

शुइलिएन नवी नवरी होती तेव्हा सासूबाईंनीच तिला ते काढायला शिकवलं. कडेला नख घालायचं, अलगद उचलायचं, फुंकर मारून कोळ्याला जाऊ द्यायचं. तो मरता कामा नये, तो दुसरं विणतो. आतली मऊ बाजू जखमेवर. आता सासूबाईंची नजर गेली होती, नवरा दरड कोसळून गेला त्यालाही बरीच वर्षं झाली होती, आणि नख घालायचं काम शुइलिएनकडे आलं होतं. आपल्याला याखेरीज जगात काय येतं, असं ती हसत म्हणायची. पण खरं सांगायचं तर तिला त्याचा अभिमान होता.

ज्या वर्षी चहाचे मळे घरोघर वाटून मिळाले, त्या वसंतात, ऐन पहिल्या खुडणीत तिची सून छिउयान बाळंत झाली. मुलगी. सरकारी नियमानं घराला एकच मूल मिळणार होतं, म्हणून मुलगी म्हटल्यावर सासूबाईंनी नाक मुरडलं, पण माओशेंगनं, म्हणजे शुइलिएनच्या मुलानं, लेकीला असं काही छातीशी धरलं की त्यांनाही तोंड उघडायची सोय राहिली नाही.

सुटका केली ती लानयिंगनं. गावचीच पोर, तालुक्याला शिकून आरोग्यसेविका होऊन आलेली. तिनं उकळलेल्या कात्रीनं नाळ कापली, पांढरी पट्टी बांधली आणि हात पुसता पुसता दम भरला.

"काकू, नाळ सुकून पडेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. राख नाही, तेल नाही, आणि तुमची ती भिंतीवरची घाण तर मुळीच नाही."

"ऐका," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "हिची स्वतःची नाळ कुणी कापली विचारा हिला. मीच ना? तेव्हा ही एवढीशी, माकडाच्या पिल्लासारखी. तेव्हा नाही घाण वाटली ती."

"आजी, मी वाचले ती तुमच्या उपकारानं नाही, माझ्या नशिबानं," लानयिंग हसत म्हणाली. सगळ्याच हसल्या. छिउयानसुद्धा, पोट दाबून धरत.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शुइलिएन बाळंतिणीसाठी तांदळाच्या लाल दारूत कोंबडी शिजत घालून बाळाचं दुपटं बदलायला गेली. पट्टीवर रक्ताचा डाग होता. फार मोठा नव्हे, पण ओला. छिउयान गाढ झोपली होती. लानयिंगचं घर वरच्या वाडीत. आणि भिंत हाताच्या अंतरावर. तिनं काही विचार केला असं म्हणता येणार नाही. इतकी वर्षं रक्त दिसलं की हात जिकडे जायचा तिकडेच तो गेला. पोरीची नाळ केवढीशी, म्हणून तिनं शोधून शोधून सगळ्यात लहान नाणं निवडलं. फुंकर मारली, कोळी पळाला, पट्टी सोडून नाणं दाबून बसवलं आणि पट्टी होती तशी बांधून टाकली. थोड्या वेळानं पाहिलं तर डाग वाढला नव्हता. लानयिंगला सांगितलं असतं तर उगीच तोंडाला तोंड लागलं असतं, म्हणून ती कुणालाच काही बोलली नाही.

पुढचे काही दिवस घरात आनंदीआनंद. चहा भाजायच्या कढईपाशी शुइलिएन घामाघूम व्हायची आणि मधूनच उठून बाळंतिणीच्या खोलीत डोकावून यायची. पोर झोपेत ओठ हलवायची. "बघ, तुलाच नावं ठेवतेय," माओशेंग बायकोला म्हणायचा.

मग एका सकाळी पोरीनं दूध घ्यायचं सोडलं.

छिउयाननं या अंगावर घेतलं, त्या अंगावर घेतलं. पोर तोंड जवळ आणायची, धडपडायची, पण तोंड म्हणून उघडायचं नाही. रडणंही बारीक, दाताखाली धरल्यासारखं.

"दूध थंड असणार हिचं," सासूबाई म्हणाल्या. "हिच्या सासूचंही तसलंच. ती दोन गेली ती उगाच का?"

हे वाक्य शुइलिएननं जन्मभर ऐकलं होतं. सणाला, आजारपणात, भाताला मीठ कमी पडलं तरी. तिची पहिली दोन मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, जन्मून आठवड्याच्या आत गेली होती. गाव त्याला बेंबीचा वारा म्हणायचं, सासूबाई थंड दूध म्हणायच्या. एरवी ती ऐकून सोडून द्यायची. आज तिनं ऐकलंच नाही. ती पोरीच्या तोंडाकडे बघत होती. ओठांची ती घट्ट आवळलेली मोट तिनं आधी पाहिली होती. दोनदा.

लानयिंग दुपारी आली. पोरीला उलटसुलट करून पाहिलं, ताप पाहिला, जिभेवर पांढरं आहे का ते बघायचा प्रयत्न केला. मग शुइलिएनकडे वळून विचारलं, "काकू, नाळेला काही लावलं होतं का?"

"नाही," शुइलिएन म्हणाली.

बोलून गेली ती. सून बघत होती, सासूबाई कान देऊन होत्या, आणि ही कालची पोर आपल्याला सगळ्यांसमोर झापणार, एवढंच तिच्या डोक्यात आलं. शिवाय नाण्यानं कधी कुणाचं वाईट झालंय? रक्त थांबवतं ते.

"नक्की ना?"

"आईंनी तर पट्टीला बोट लावलं नाही," छिउयान म्हणाली. "मी इथेच आहे ना दिवसरात्र."

लानयिंगनं पट्टी सोडायला नेलेला हात मागे घेतला. "मग तोंड आलं असेल. दूध पिळून चमच्यानं घाला, मी उद्या सकाळी पुन्हा येते. नाळेला काही लावलं असतं ना, तर मात्र याच पावली खाली बाजारगावच्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं. त्यात तास तास मोलाचा असतो." पिशवी खांद्याला लावून ती चहाच्या मळ्यातल्या पायऱ्या चढायला लागली.

शुइलिएन स्वयंपाकघरात आली. काहीतरी करायचं म्हणून चुलीत लाकूड सारायला वाकली, आणि तिची नजर भिंतीवर गेली. लहान नाणं काढलेली जागा तिथंच होती. शेजारी कोळ्यानं नवं विणायला घेतलं होतं. तिनं जवळ जाऊन पाहिलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. घरट्याच्या पाठीवर मुंग्यांची वाळलेली कवचं चिकटवलेली होती, मातीचे कण, काजळी. खालच्या अंगाला कोंबड्या बसायच्या तिथली धूळ उडून बसलेली. लानयिंग याला घाण म्हणाली तेव्हा तिला राग आला होता. घाणच होती ती. तिनं ती स्वतःच्या हातानं नातीच्या अंगात दाबून बसवली होती, आणि वर "नाही" म्हणून सांगितलं होतं.

ती धावत सुटली. पायांत चपला होत्या की नाही तिला आठवत नाही. वर मळ्यात अर्ध्या गावच्या बायका पानं खुडत होत्या, टोपल्या कमरेला, तोंडं चालू.

"शुइलिएन, दूध उतू गेलं का गं?" एकीनं हाक मारली.

लानयिंग वळली. शुइलिएनला धड श्वास घेता येत नव्हता.

"मी लावलं," ती म्हणाली. "भिंतनाणं. दुसऱ्या दिवशी. मी खोटं बोलले."

लानयिंग आता काय काय बोलेल याची शुइलिएन वाट बघत राहिली. तिनं एक शिवी जरी घातली असती तरी शुइलिएनला बरं वाटलं असतं. पण ती एवढंच म्हणाली, "माओशेंगला हाक मारा. पॉवर टिलर काढायला सांगा."

खाली उतरताना ट्रॉलीत छिउयान बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. खड्डा आला की पोरीचं अंग ताठ व्हायचं, पाठ कमानीसारखी मागे जायची. "थंडी वाजतेय का हिला?" छिउयान विचारत होती. लानयिंग माओशेंगला घाई करत होती, आणि शुइलिएन ट्रॉलीची कड धरून रस्त्याकडे बघत होती. सुनेला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

ते दवाखान्यात छिउयानला दिसलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली, आणि नाळेच्या बुडाशी काळपट पडलेला तो चिकट तुकडा चिमट्यानं वर उचलला. डॉक्टर शहरातून आलेले, वयस्कर. "हे काय आहे?"

"मी लावलं," शुइलिएन म्हणाली. आज दुसऱ्यांदा.

छिउयाननं सासूकडे पाहिलंही नाही. शुइलिएनच्या बाजूला बाळाचं डोकं होतं, ते तिनं दुसऱ्या हातावर घेतलं, एवढंच. शुइलिएनला वाटलं, हिनं आरडाओरडा केला असता तर आपण निदान रडू तरी शकलो असतो.

धनुर्वात, डॉक्टर म्हणाले. सुई टोचली, मग आणखी एक. पोरीला एका काळोख्या खोलीत ठेवलं, खिडकीला काळं कापड, कारण उजेड नको, आवाज नको, दाराची कडीसुद्धा वाजता कामा नये. आत छिउयान एकटी. बाहेरच्या बाकावर शुइलिएन. माओशेंग भिंतीला टेकून उभा राहायचा, आईशी बोलायचा नाही, पण वाफवलेल्या पावाचा अर्धा तुकडा तोडून तिच्या हातात ठेवायचा. ती तो धरून बसायची.

त्याच रात्री डॉक्टर हात धुऊन बाहेर आले आणि तिच्याजवळ थांबले. रागावले नाहीत. रोजचं बोलावं तसं म्हणाले, "आजच आणलीत म्हणून काही आशा आहे. तुमच्याकडे डोंगरात पूर्वी अशी पोरं जायची ना, आठवड्याच्या आत, तोंड मिटून?"

"बेंबीचा वारा," शुइलिएन म्हणाली.

"वारा-बिरा काही नाही हो. बघितलं की नाळेला काहीतरी लावलेलं असायचंच. कुणी राख, कुणी शेण, कुणी हे." आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले.

शुइलिएन बसून राहिली. आधी तिला नुसतं कानात गरम वाटलं. मग तिला तो अंगठा आठवला. सासूबाईंचा, लांब राखलेल्या नखाचा. तिचा पहिला मुलगा चुलीशेजारच्या खोलीत झाला, तेव्हा त्याच्या बेंबीवर तो अंगठा होता. मुलीच्या वेळीही होता. आणि माओशेंग? माओशेंग झाला तिच्या भावाच्या घरी. ती भावाच्या नव्या घराच्या वास्तूला गेली होती आणि तिथेच कळा सुरू झाल्या. भावाचं घर लाभाचं, असं सगळे म्हणत आले. कशाचं लाभाचं? भिंती ओल्या होत्या, चुन्याचा वास होता. नव्या भिंतीवर नाणी कुठली?

एवढी वर्षं ती आपल्या दुधाला दोष देत आली होती. माओशेंगला पाजताना, दूध गरम व्हावं म्हणून, ती आधी छातीवर गरम फडकं धरायची. आता तिला इतका राग आला की बाकाची फळी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली. घरी गेल्यावर काय बोलायचं ते तिनं तिथेच ठरवलं. एकच वाक्य. ‘माझं दूध थंड नव्हतं, तुमच्या हातानं गेली माझी पोरं.’ ते वाक्य ती मनातल्या मनात घोकत राहिली, शब्द पुढे-मागे करून, म्हातारीला लागेल तिथं लागावं म्हणून.

पोर वाचली. लगेच नाही. कितीतरी दिवस नुसती ताठ व्हायची आणि सैल व्हायची, नळीनं दूध जायचं. मग एके दुपारी खोलीतून आवाज आला, चुळबुळ, आणि छिउयान दार किलकिलं करून म्हणाली, "ओढतेय. ऐका, ओढतेय." माओशेंग तिथेच भिंतीशी खाली बसला आणि तोंड झाकून रडला.

शुइलिएन आत गेली. हात पुढे केले.

"राहू द्या, आई," छिउयान म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी घेते."

पुढे केलेले हात शुइलिएननं पदरासारखे पोटाशी घेतले. चहा पडून आहे, आजी एकटी आहे, तू घरी जा, माओशेंग म्हणाला. तो खरंच कामाचं बोलत होता, तरी तिला कळायचं ते कळलं.

घरी आल्यावर तिनं आधी पाणीसुद्धा प्यायलं नाही. कढई खरवडायचं पातं घेतलं आणि चुलीमागच्या भिंतीला भिडली. नाणी माती घेऊन खाली पडत होती, कोळी सैरावैरा पळत होते. शेजारीण दारात बोट धरून उभी राहिली, बोटातून रक्त येत होतं. "शुइलिएन, एक दे गं."

"संपली," शुइलिएन म्हणाली. "पाण्यानं धू आणि लानयिंगकडे जा."

मग आतून काठीचा आवाज आला. सासूबाई. भिंत चाचपत आल्या आणि चुलीपाशी उभ्या राहिल्या. शुइलिएननं पातं खाली घेतलं. वाक्य तोंडात तयार होतं.

"पोर?" सासूबाईंनी विचारलं.

"वाचली."

म्हातारी चुलीच्या कट्ट्यावर बसली. काठी गुडघ्यांत धरून. "मळ्यातल्या बायका सांगत होत्या," ती म्हणाली. "तू लावलं होतंस म्हणे."

"हो."

"लहानसं निवडलंस ना?"

"सगळ्यात लहान."

"मीसुद्धा. पोरांना नेहमी लहानच काढायची. कोवळी कातडी, टोचायला नको." म्हातारीनं डोळे मिटले, मिटून उघडून तिला फरक काहीच पडत नव्हता. "तुझी दोन. आणि माझी चार. तुझा नवरा तेवढा पावसात, वाटेवर झाला, पूर ओसरून घरी आणेपर्यंत नाळ सुकली होती. सासू मला म्हणायची, दूध थंड तुझं."

हे शुइलिएनला कधी कुणी सांगितलं नव्हतं. चार. ते वाक्य अजून तिच्या जिभेवर होतं, आणि एवढे दिवस घासून घासून ते चांगलं धारदार झालं होतं.

"काय म्हणाला डॉक्टर?" सासूबाईंनी विचारलं. "कशानं झालं?"

कढई जळू नये म्हणून शुइलिएननं ती उगाचच चुलीवरून बाजूला केली. खाली विस्तवही नव्हता.

"म्हणाला, हवेनं होतं असं," ती म्हणाली. "वसंतात."

"वाऱ्यानं."

"हो. वाऱ्यानं."

"मग भिंत कशाला खरवडतेस?"

"चुना लावायचाय."

म्हातारीनं मान हलवली. शुइलिएन पुन्हा पातं चालवायला लागली, डोळ्यांत माती जात होती की काय कोण जाणे, तिला धड दिसत नव्हतं. मागे काठी कट्ट्याला टेकवल्याचा आवाज झाला. सासूबाई उठल्या आणि भिंतीपाशी आल्या. दोन्ही तळवे मातीवर ठेवून त्या वरपासून खालपर्यंत हळूहळू चाचपत सरकत गेल्या, जिथं शुइलिएनचं पातं पोचलं नव्हतं तिथवर. कोपऱ्यात, चुलीच्या अगदी मागे, त्यांचं बोट थांबलं.

"इथं एक राहिलंय गं," त्या म्हणाल्या.